‘टी’ लिहिलेलं बटण

माझ्या गळ्यातलं यंत्र तुम्हाला आठवत असेल. गणवेशावर कापडी पिशवीत बांधलेला डबा आणि तिथून कानापर्यंत गेलेली वायर. वर्गात काहीजण त्याला ‘रेडिओ’ म्हणत. डब्याच्या बटणापाशी ‘एम’ आणि ‘टी’ अशी अक्षरं होती. एम म्हणजे माइक. टी कशासाठी, हे दहावीपर्यंत मला कुणी सांगितलं नाही. तिकडे सरकवलं की वर्ग गप्प व्हायचा, म्हणून कंटाळवाण्या तासाला मी ते टीवर ठेवायचे. (सर, आता सांगायला हरकत नाही.)

टी म्हणजे टेलिकॉइल, तारेचं बारीक वेटोळं. जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ साली लंडनमध्ये यावरच पेटंट घेतलं होतं. खोलीभोवती तार फिरवायची, माइकचा आवाज विजेच्या रूपात तिच्यातून सोडायचा. यंत्रातलं वेटोळं तिचं चुंबकीय क्षेत्र पकडतं आणि बोलणारा कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो. इंजिनिअरिंगला असताना हे वाचलं तेव्हा आनंदापेक्षा रागच आला. वर्गाभोवती एक तार! आपल्या रत्नागिरीचा पाऊस पत्र्यावर कोसळत असताना बाई शुद्धलेखन घालायच्या आणि मी शेजारणीच्या वहीत बघून लिहायचे. ती नक्कल समजून एकदा तासभर उभी राहिलेय.

पस्तिशीत उरलंसुरलं ऐकूही गेलं आणि मी कॉक्लिअर इम्प्लांट करून घेतलं. मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं. मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली. केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ पासून लहान मुलांना यासाठी मदत मिळते आणि १९८३ साली वांद्र्याला सुरू झालेली अली यावर जंग संस्था ते काम पाहते. माझं वय त्यात बसणारं नव्हतं.

इम्प्लांट म्हणजे कान परत आले, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. कानात आतल्या बाजूच्या सुमारे साडेतीन हजार केशपेशी जे करतात, ते माझ्याकडे २२ इलेक्ट्रोड करतात. शांत खोलीत समोरासमोर झकास. पण बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि गोंगाट तसाच राहतो. म्हणून मी एक छोटा क्लिपचा माइक बाळगते. तो बोलणाऱ्याचा आवाज बिनतारी थेट माझ्या प्रोसेसरला पाठवतो. मीटिंगमध्ये तो पुढे करायला मला तीन वर्षं लागली. माइक पहिल्या दिवसापासून चालत होता. ‘हे जरा लावता का?’ एवढंच तोंडातून निघत नव्हतं.

संमेलनात तो माइक आपल्या घोळक्यात फिरेल. हातात घेऊन चाळा करू नका, घासल्याचा आवाज मला ढग गडगडल्यासारखा येतो. तोंडापासून वीतभर खाली, कॉलरला लावा आणि एकेकाने बोला. बाईंना आधीच मेसेज केला आहे, एक उतारा घेऊन या म्हणून. शुद्धलेखन लिहायचंय. शेजारणीने वही झाकून ठेवावी.