एंजिन सदृशीकरण

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरात व नळ्यांत घडणाऱ्या क्रियांचे गणितीय प्रतिमान मांडून, प्रत्यक्ष बांधणीपूर्वीच त्याची शक्ती, पीडन परिबल, इंधनखर्च इत्यादींचा संगणकाद्वारे अंदाज घेण्याच्या पद्धतीस एंजिन सदृशीकरण म्हणतात. शर्यतीच्या किंवा अन्य जादा शक्तीच्या एंजिनाची आखणी करताना कॅम दंड, झडपा, नळ्यांची लांबी व संपीडन गुणोत्तर यांचे अनेक पर्याय पुढे असतात. प्रत्येक पर्याय बांधून शक्तिमापकावर तपासणे फार खर्चाचे असल्याने या पद्धतीचा अवलंब केला जातो. मात्र निरनिराळ्या आज्ञावली निरनिराळ्या गृहीतांवर उभारलेल्या असतात. त्यांची निवड करताना ही गृहीते कशी निर्माण झाली, हे ध्यानात घ्यावे लागते.

आदर्श आवर्तन व त्यातील उणिवा : निकोलाउस ओटो (१८३२–९१) यांनी १८७६ मध्ये चार धावांचे एंजिन यशस्वी केले. त्याच्या आदर्श आवर्तनाची कार्यक्षमता, कार्यकारी वायू ठरलेला असल्यास, केवळ संपीडन गुणोत्तरावरून काढता येते. हे गुणोत्तर ८ असताना ती सु. ५६ टक्के येते. प्रत्यक्ष पेट्रोल एंजिनात ती याहून बरीच कमी असते. कारण ज्वलनास काही काळ लागतो, उष्णता सिलिंडराच्या भिंतींतून निघून जाते व वायूंची ने-आण करण्यात कार्य खर्ची पडते. या उणिवा एकेक करून गणितात आणल्या गेल्या. ज्वलनाचा वेग दर्शविणारे सूत्र सोव्हिएट अभियंते इव्हान व्हीबे यांनी मांडले. भिंतींकडे जाणाऱ्या उष्णतेसाठी डब्ल्यू. जे. डी. अ‍ॅनंड यांनी १९६३ मध्ये व गेर्हार्ट वोश्नी यांनी १९६७ मध्ये सूत्रे दिली.

दाबतरंगांचे गणित : झडप उघडताच नळीत दाबतरंग निर्माण होतो व नळीच्या उघड्या टोकाशी परावर्तित होऊन परत येतो. दर मिनिटास ६,००० फेरे घेणाऱ्या एंजिनात एका फेऱ्यास १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत तरंग हवेत सु. ३·४ मी. अंतर तोडतो. परतणारा तरंग योग्य क्षणी पोहोचल्यास सिलिंडर अधिक भरतो, अन्यथा भरणा घटतो. १९६० च्या क्रायस्लर मोटारगाड्यांत मधल्या वेगास पीडन परिबल वाढावे म्हणून आदान नळ्या सु. ७६ सेंमी. लांब ठेवल्या होत्या. अधिक वेगासाठीच्या प्रकारात त्यांची परिणामी लांबी निम्मी होती. एकाच लांबीने दोन्ही हेतू साधत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

अशा मोठ्या तरंगांचे मूलभूत गणित बेर्नहार्ट रीमान (१८२६–६६) यांनी १८६० मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यावर आधारलेली अभिलक्षण-रेषा पद्धती पी. द हालर यांनी १९४५ मध्ये आलेखांच्या साहाय्याने एंजिनाच्या निष्कास नळ्यांस लावली. हे काम हाताने करणे अतिशय कष्टाचे होते. १९६४ मध्ये आर्. एस्. बेन्सन, आर्. डी. गर्ग व डी. वूलॅट यांनी ते अंकीय संगणकास साजेशा रूपात मांडले. पुढे बेलफास्ट येथील क्वीन्स विद्यापीठात गॉर्डन ब्लेअर यांनी द्विधाव व चतुर्धाव एंजिनांसाठी अशा पद्धती विकसित केल्या. चतुर्धाव एंजिनांवरील त्यांचा ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज्ञावलींची निवड : घरगुती संगणकांवर चालणाऱ्या ‘डेस्कटॉप डायनो’ सारख्या आज्ञावलीत सिलिंडर भरण्या-रिकामा होण्याचा हिशोब केला जातो, नळीतील तरंगांचा प्रवास त्यात मोजला जात नाही. कॅम दंडांची ढोबळ तुलना करण्यास ती पुरेशी असते. नळीची लांबी ठरविण्यास मात्र ‘डायनोमेशन’ सारखी तरंग-गणिताची आज्ञावली लागते. ‘जीटी-पॉवर’ व ‘वेव्ह’ या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींत संपूर्ण नळीजालाचे एकमितीय प्रतिमान उभारता येते. परंतु त्यांना माहितीही तितकीच तपशीलवार पुरवावी लागते. झडपेच्या प्रत्येक उचलीस मोजलेला वायुप्रवाह व कॅमची खरी आकृती उपलब्ध नसेल, तर महागड्या आज्ञावलीचे उत्तरही अंदाजाहून अधिक विश्वसनीय ठरत नाही. म्हणून प्रथम शक्तिमापकावर तपासलेल्या एंजिनाचे प्रतिमान करून उत्तर ताडून पाहतात व नंतर एका वेळी एकच घटक बदलतात. अशा तुलनेतून मिळणारा फरक हा शक्तीच्या निव्वळ आकड्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

मर्यादा : वायूंचे गणित भागांच्या बळकटीविषयी काहीच सांगत नाही. एंजिनाचा वेग मिनिटास ६,००० वरून ७,००० फेरे केल्यास दट्ट्या व संयोगदांडा यांवरील जडत्वजन्य प्रेरणा सु. ३६ टक्क्यांनी वाढतात. आलेखात शक्ती वाढताना दिसत असली, तरी त्याच वेगास दांडा तुटू शकतो किंवा झडपेची स्प्रिंग कॅमचा पाठपुरावा करण्यास अपुरी पडू शकते. दट्ट्या व झडप यांमधील अंतर, स्प्रिंगची ताकद आणि इंधनाचा अकाली स्फोट यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. सदृशीकरणाने बांधावयाच्या पर्यायांची संख्या घटते. अखेरचा निर्णय मात्र शक्तिमापकावरील चाचणीनेच होतो.