तळटीप ४ : गळ्याला लावलेली बोटे

४. पिंप्राळा आता जळगाव शहराचाच भाग. आषाढी एकादशीला तिथे रथ निघतो. त्या गर्दीत घेरी येऊन पडलेल्या माणसाच्या गळ्याला लेखकाचे काका बोटे लावतात, ती जागा कंठमण्याच्या बाजूची. इथून ग्रीवा धमनी वर जाते. डावी थेट महाधमनीच्या कमानीतून निघते. उजवी मात्र उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीसोबत एकाच खोडातून. कंठमण्याच्या वरच्या कडेपाशी तिचे दोन फाटे होतात. बाहेरचा फाटा चेहरा, जीभ आणि डोक्याच्या कातडीला रक्त पुरवतो. आतला मानेत एकही शाखा न देता कवटीत शिरतो. मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून आणखी दोन धमन्या मेंदूकडे जातात. मेंदूच्या तळाशी या दोन धमन्या आणि दोन्ही बाजूंचे आतले फाटे यांचे कडे जुळते. टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले. एक बाजू तुंबली तर या कड्यामुळे पुष्कळदा दुसरीकडून रक्त मिळते. मात्र प्रत्येकाचे कडे पूर्ण असतेच असे नाही. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडले तरी शुद्ध हरपते. म्हणून गळ्याची नाडी एकाच बाजूला, हलक्या बोटांनी पाहावी. दोन्ही बाजू एकदम दाबू नयेत. – सं.