विषयाधारित स्थळशोधक संकेतस्थळे : नोंद, पत्ता आणि नकाशा

प्रस्तावना :

रक्तपेढी, ग्रंथालय, पेट्रोलपंप अशा एकाच विषयाशी निगडित ठिकाणे नकाशावर शोधून देणारी संकेतस्थळे आता सर्वपरिचित झाली आहेत. वापरणाऱ्याने आपले स्थान सांगावे व सर्वांत जवळचे ठिकाण पडद्यावर उमटावे, एवढेच त्यांचे बाह्य स्वरूप असते. आतील रचनेत ठिकाणांची यादी डेटाबेसमध्ये साठवलेली असते. नकाशा बहुधा दुसऱ्याच संस्थेचा असतो. तो एपीआयच्या, म्हणजे एका संगणक प्रणालीने दुसरीकडे ठरावीक पद्धतीने माहिती मागण्याच्या सोयीच्या, द्वारे मिळवला जातो. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे पत्त्याचे अक्षांश-रेखांशात होणारे रूपांतर होय. या साधनांची चर्चा करताना नकाशाचेच कौतुक अधिक होते. वास्तविक त्यांची विश्वासार्हता नोंदीतील पत्त्यावर अवलंबून असते, हे त्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

संगणकपूर्व उदाहरण : लंडन, १८५४

ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची भीषण साथ उद्भवली. डॉ. जॉन स्नो यांनी नोंदणी कार्यालयातून मृत्यूंच्या नोंदी मिळवल्या आणि त्यांतील ८३ मृत्यूंचा पत्त्यानुसार शोध घेतला. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या आसपास घडले होते. केवळ १० घरांतील मृत्यू दुसऱ्या एखाद्या पंपाला निश्चितपणे अधिक जवळ होते. स्नो या घरांपर्यंतही पोचले. त्यांपैकी ५ कुटुंबे जवळचा पंप सोडून ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आणवीत, कारण त्यांना ते अधिक आवडे. आणखी ३ मृत्यू त्या पंपाजवळच्या शाळेत जाणाऱ्या मुलांचे होते. नकाशावरील अंतर आणि माणसांचा प्रत्यक्ष वापर यांतील तफावत अशा रीतीने घरोघरच्या चौकशीतून उघड झाली.

नकाशा पाहून पंपाचा दांडा काढण्यात आला, ही कथा पाठ्यपुस्तकांतही आढळते. ती खरी नाही. दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढला गेला, तेव्हा साथ ओसरू लागली होती. नकाशा त्यानंतर सिद्ध झाला. पुढे स्नो यांनी नकाशात एक रेषाही दाखवली. ब्रॉड स्ट्रीटचा पंप व भोवतालचे अन्य पंप यांपासून रस्त्याने समान अंतरावर असलेले बिंदू ती जोडत असे. ‘सर्वांत जवळचे ठिकाण कोणते’ हाच आजच्या स्थळशोधकाचा प्रश्न तेथे कागदावर मांडलेला दिसतो.

महाजालावरील आरंभ : शिकागो, २००५

फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्सची सेवा सुरू झाली. तिचा नकाशा इतरांनी वापरण्याची अधिकृत सोय अद्याप नव्हती. तरीही पॉल रॅडमाकर यांनी क्रेगलिस्टवरील घरांच्या जाहिराती त्या नकाशावर बसवून ‘हाउसिंगमॅप्स’ उभारले. मे २००५ मध्ये एड्रियन होलोवाटी या पत्रकार-प्रोग्रामरने शिकागो पोलिसांच्या संकेतस्थळावरील गुन्ह्यांच्या नोंदी आपल्या आज्ञावलीद्वारे नियमितपणे उचलून डेटाबेसमध्ये साठवल्या आणि ‘शिकागोक्राइम’ हे संकेतस्थळ खुले केले. गुन्ह्याचा प्रकार, रस्ता, तारीख, प्रभाग अशा कोणत्याही अंगाने तेथे शोध घेता येई. गूगलने एपीआय अधिकृतपणे जाहीर केला तो जून २००५ मध्ये. म्हणजे वापर आधी झाला, परवानगी मागाहून आली.

होलोवाटी यांच्या प्रकल्पातील नोंदी पोलिसांच्या होत्या व नकाशा गूगलचा होता. जोडणी तेवढी त्यांची स्वतःची होती. २००८ मध्ये हे काम ‘एव्हरीब्लॉक’ या अनेक शहरांच्या प्रकल्पात विलीन झाले. २००९ मध्ये तो विकला गेला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये नव्या मालकांनी तो बंद केला. २०१४ मध्ये तो शिकागोपुरता पुन्हा सुरू झाला खरा, परंतु पूर्वीचा विस्तार राहिला नाही. नकाशाची बाजूही तितकीच परावलंबी होती. २०१८ मध्ये गूगलने नकाशाच्या एपीआयसाठी शुल्क भरण्याचे खाते सक्तीचे केले, तेव्हा अनेक लहान संकेतस्थळांपुढे प्रश्न उभा राहिला. ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा त्यांच्या उपयोगी पडला. नोंदींच्या अचूकतेचा प्रश्न मात्र नकाशा बदलल्याने सुटत नाही.

चुकलेला पत्ता : लॉस एंजेलिस, २००९

एप्रिल २००९ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने पोलिसांच्याच गुन्हेनकाशातील एक विलक्षण दोष उघडकीस आणला. शहराच्या मध्यभागी, नगरभवनाजवळच्या एकाच जागी तेराशेहून अधिक गुन्हे दाखवले गेले होते. प्रत्यक्षात ते शहरात इतस्ततः घडले होते. पत्ता उमगला नाही की संगणक प्रणाली त्या नोंदीला शहराचा म्हणून ठरवलेला एकच बिंदू देत असे. पत्ता न सापडल्यास नोंद रिकामी ठेवणे हे चुकीचा बिंदू देण्यापेक्षा केव्हाही अधिक प्रामाणिक. पण रिकामी जागा नकाशावर दिसत नाही, बिंदू मात्र ठळकपणे दिसतो आणि वाचक त्यावर विश्वास ठेवतो.

भारतीय संदर्भ :

भारतात हा धोका अधिक आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामवंत कवी टपाल खात्यातील अधिकारीही होते. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड अस्तित्वात आला. त्याचा हेतू पत्रांची वर्गवारी हा होता. त्यामुळे तो टपाल वाटपाचे क्षेत्र दाखवतो, घर नव्हे. ग्रामीण भागात एकाच पिनकोडात अनेक गावे येतात. केवळ पिनकोडावर आधारलेला स्थळशोधक त्या सर्व गावांतील दवाखाने एकाच बिंदूवर आणून ठेवतो. लॉस एंजेलिसची चूक येथे रचनेतच अंतर्भूत होते.

मे २०२५ मध्ये टपाल विभागाने ‘डिजिपिन’ ही दहा अक्षर-अंकांची प्रणाली जाहीर केली. देशाचा भूभाग सुमारे ४ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागून ती प्रत्येक चौकोनाला संकेतांक देते. हा संकेतांक अक्षांश-रेखांशावरून गणिताने काढला जातो. त्यात गावाचे वा गल्लीचे नाव नसते. म्हणूनच ‘बसस्थानकामागे’ किंवा ‘मारुती मंदिराजवळ’ असे पत्ते असलेल्या जुन्या याद्यांना तो आपोआप जोडता येत नाही. त्यासाठी कोणी तरी त्या दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन तेथील स्थान नोंदवावे लागते.