प्लेगचे क्रूस आणि प्लेगचा कायदा



ज्युबिलीच्या या अंकांत आनंदाच्या आठवणी पुष्कळ आल्या आहेत. एका संकटाच्या आठवणीसही येथें स्थान असावें, असें आम्हांस वाटतें. वांद्रें, गिरगांव, माझगांव येथील गल्ल्यांतून जे जुने क्रूस दिसतात, त्यांपैकीं कित्येक आपल्या पूर्वजांनीं प्लेगच्या दिवसांत उभारले. त्यांपुढें मेणबत्ती लावणाऱ्या तरुण पिढीस तो काळ ठाऊक असणें अगत्याचें आहे.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत एक जीवघेणा ताप फैलावूं लागला. हा गांठीचा प्लेग होय, हें प्रथम ओळखिलें डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं. हे गोव्यांतील हडफडें गांवचे कॅथलिक गृहस्थ. पुढें १९०६ सालीं ते मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे.

रोग आवरेना, तेव्हां ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. प्रवाशांस तपासणें, रोग्यांस वेगळें ठेवणें, असे विस्तृत अधिकार त्यानें दिले. हेतु लोकरक्षणाचा होता, आणि साथींत कांहीं निर्बंध अवश्य असतात, हें आम्हीं नाकारीत नाहीं. परंतु पुण्यास रँडसाहेबांच्या अमलाखालीं गोरे शिपाई घरोघर शिरले. देवघर, माजघर यांची मर्यादा राहिली नाहीं. पंडिता रमाबाईंनींही त्याच सालीं प्लेगच्या रुग्णालयांतील स्त्रियांच्या स्थितीविषयीं जाहीर तक्रार केली. २२ जून रोजीं चाफेकर बंधूंनीं रँड यांजवर गोळी झाडली. हत्येचें समर्थन आम्हांस करवत नाहीं. पण लोकांचा संताप किती खोल गेला होता, हें त्यावरून दिसून येतें.

या जुलमाचें फळ काय? लोक रोगी लपवूं लागले, रात्रींतून गांव सोडूं लागले, आणि त्यांच्यासंगें रोगही प्रवास करूं लागला. मार्च १८९८ मध्यें मुंबईंत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून मोठा दंगा झाला. त्यानंतर सरकारास सक्ती सैल करणें भाग पडलें. निरनिराळ्या समाजांस आपापलीं रुग्णालयें चालविण्यास मोकळीक मिळाली. तेथें आपल्याच माणसांच्या हातचें पाणी मिळतें, हें पाहून रोगी येऊं लागले. डॉ. हाफकिन यांनीं भायखळ्यास लस सिद्ध करून जानेवारी १८९७ मध्यें प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती. १८९८ सालीं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें दाखविलें, कीं हा रोग उंदरांच्या पिसवांमुळें पसरतो. म्हणजे ज्या माणसांस गुन्हेगारासारखें धरिलें जात होतें, त्यांच्याहून त्यांच्या अंधाऱ्या, कोंदट चाळींकडेच पाहणें अधिक जरूर होतें.

याच साथींत पुण्यास सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत असतां १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. त्यांच्या हातीं कायदा नव्हता. होती ती केवळ दया. चांगल्या शोमरोनी मनुष्यानेंही जखमी वाटसरूची जात प्रथम विचारिली नव्हती.

१८९७ चाच तो कायदा २०२० सालीं करोनाच्या साथींत पुन्हां उपयोगांत आणिला गेला. तेव्हां शेकडों कोस पायीं चालत घरीं निघालेले मजूर आपण सर्वांनीं पाहिले. त्यांच्या पोटाची व निवाऱ्याची सोय आधीं झाली असती, तर तो हुकूम पाळणें त्यांस इतकें कठीण झालें नसतें.

तात्पर्य हें, कीं सर्वांची सुरक्षितता व एकेकाची प्रतिष्ठा हीं परस्परांचीं वैरी नव्हेत. ज्याचें रक्षण करावयाचें त्याचा विश्वास आधीं मिळवावा लागतो. प्रत्येक मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे. आजारी पडला, गरीब असला, परगांवचा असला, म्हणून तें प्रतिरूप पुसलें जात नाहीं. पुढें संकट आलें, तर आपल्या धर्मग्रामानें अधिकाऱ्यांस साह्य करावें, आणि दुर्बळाच्या वतीनें निर्भयपणें बोलावेंही. प्लेगच्या क्रूसापुढें गुडघे टेकणाऱ्यांस इतकें बळ प्रभूनें द्यावें, हीच आमची प्रार्थना.