सिंधुदुर्ग : भूमीवर आणि नकाशांत

मालवणसमोरील कुरटे बेटावर छत्रपति शिवाजीमहाराजांनीं इ. स. १६६४ मध्यें सिंधुदुर्गाचें काम आरंभिलें; १६६७ मध्यें तें पुरें झालें. किल्ल्याचें क्षेत्र सुमारें ४८ एकर, तटाची लांबी सुमारें दोन मैल. हे दोन आंकडे शेजारीं ठेवले कीं मन अडखळतें. ४८ एकरांच्या वर्तुळाचा परिघ जेमतेम एक मैल भरतो! मग दुसरा मैल आला कोठून? तो तटाच्या नागमोडी वळणांत आहे. दरवाजासुद्धां या वळणांत असा दडविला आहे कीं, जवळ गेल्यावांचून तो दिसत नाहीं.

विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ साडेसात मैलांची पायारेषा मोजून त्रिकोणांची सांखळी आरंभिली. अशा मोजणीवर पुढें मैलास एक इंच या प्रमाणाचे नकाशे निघाले. मैलाचे इंच ६३,३६०. म्हणून प्रत्येक लांबी कागदावर तितक्या पटींनीं लहान होते. क्षेत्र मात्र त्या पटीच्या वर्गानें घटतें, आणि विद्यार्थी चुकतात ते नेमके येथेंच. चौरस मैलांत ६४० एकर. तेव्हां सिंधुदुर्गाच्या वांट्यास चौरस इंचाचा सुमारें तेरावा हिस्सा, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी जागा येते. त्या दाण्याभोंवतीं दोन इंचांची नागमोडी रेघ कोणता नकाशेकार काढणार? वळणें पुसलीं जातात, आकृति समरूप राहत नाहीं. दोन टोंकांमधील सरळ अंतर ६३,३६० नें गुणून बरोबर मिळतें. तटाची लांबी मात्र कमीच भरते. मैलास सहा इंच असें प्रमाण घेतल्यास तोच किल्ला छत्तीसपट जागा व्यापतो, आणि बुरूज सुटे दिसूं लागतात.