मगनवाडीची बिनधुराची चूल

स्वयंपाकघर नवं करायचं म्हटलं की आज टाइल्स, ट्रॉल्या आणि चिमणी आलीच. पण चिमणीचा विचार वर्ध्यात फार जुना आहे बरं का.

१९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला. तेलघाणी, हातकागद यांच्यासोबत तिथं चुलीवरही काम झालं. तीच ‘मगन चूल’: मातीचीच, पण एकाच जाळावर एकाहून जास्त भांडी, आणि धूर धुराड्यातून छपराबाहेर. सरपण वाचावं, बाईचे डोळे नि छाती वाचावी, हा हेतू.

मात्र धुराड्यात काजळी साचते. ती वेळच्या वेळी झाडली नाही, की धूर पुन्हा घरात!

तुमच्या घरची चिमणी शेवटची कधी साफ झाली? आणि केली कोणी?