तीन मिनिटांची मराठी

परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या मनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला एकोणिसाव्या शतकापेक्षा विसाव्या शतकाची अखेर अधिक अवघड जाते, असे म्हटले तर प्रथमदर्शनी ते विपरीत वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशीच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, तेथून त्यांनी पत्रे लिहिली, आणि त्या पत्रांच्या आधारे काशीबाई कानिटकरांना त्यांचे चरित्र उभे करता आले. याउलट १९९८ च्या सुमारास खानदेशातून न्यू जर्सीला गेलेला संगणक-अभियंता आपल्या आईशी काय बोलला, हे सांगणारा कागदाचा कपटाही बहुधा कोठे सापडणार नाही. तो अबोल होता असे नव्हे. त्याने पत्र लिहिण्याऐवजी फोन केला, एवढेच. आणि पत्र सोडून फोन करणे त्याला का व केव्हा परवडू लागले, हा प्रश्न वरवर पाहता दूरसंचार खात्याचा असला तरी आमच्या मते तो वाङ्मयेतिहासाचाही आहे.

सातासमुद्रापलीकडच्या आवाजाची वाट महाराष्ट्रातील लहान गावांवरून गेली आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. जुलै १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्या दरम्यान बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि संदेश घेणारे दौंडला. १ मे १९३३ रोजी याच मार्गाने लंडनशी दूरध्वनी सुरू झाला. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परत येत, आणि तो थर सूर्याच्या लहरीप्रमाणे बदले. त्यामुळे आवाज मध्येच विरे, मध्येच खरखरे. १९४७ साली ही सेवा सरकारी झाली. पुढे फेब्रुवारी १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातील आर्वीला (वर्ध्याची आर्वी ती वेगळी) उपग्रहाचे भूकेंद्र उभे राहिले आणि आवाज स्वच्छ झाला. १९७६ साली मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवण्याची सोय झाली. १९८६ मध्ये हा सारा कारभार विदेश संचार निगमाकडे गेला. तंत्र असे पायरी-पायरीने सुधारत गेले; दर मात्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच राहिले.

दर जास्त असले की भाषेवर काय परिणाम होतो, याचा विचार आपल्या भाषाभ्यासकांनी क्वचितच केला असेल. ट्रंक कॉलची आकारणी तीन मिनिटांच्या हिशेबाने होई. आधी नोंदणी करायची, मग तासन्‌तास वाट पाहायची. घाई असेल तर 'अर्जंट' आणि त्याहून महाग 'लाइटनिंग'. ज्याच्याशी बोलायचे तीच व्यक्ती हजर असेल तर कॉल जोडायचा, यासाठी 'पी. पी.' अशी वेगळी सोय होती. हीच दोन अक्षरे पुढे शेजाऱ्याच्या फोननंबरापुढे कंसात लिहिली जाऊ लागली आणि मराठी लग्नपत्रिकांवर कायमची जाऊन बसली. या तीन मिनिटांत मावणारी एक वेगळीच मराठी तयार झाली: 'मी बोलतोय, ऐकू येतंय का, सगळं ठीक आहे ना, पत्र पाठवलंय, ठेवतो.' हिच्यात विशेषण नाही, तक्रार नाही, विरामही नाही, कारण विरामाचेही पैसे पडत. जो मजकूर होता तो पत्रात असे. फोनवर फक्त माणूस जिवंत असल्याचा पुरावा मिळे. म्हणूनच त्या काळातील पत्रे भरगच्च आहेत. आखाती देशांत गेलेल्यांच्या घरी कॅसेटवर आवाज भरून पाठवण्याची चाल होती, तीही याच महागाईतून निघाली.

आता पहूरला यावे. जामनेर तालुक्यातील हे गाव जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अजिंठ्याच्या अलीकडे लागते. पाचोरा–जामनेर ही अरुंद रुळांची छोटी गाडी येथूनच जाई. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. गावाचे पेठ आणि कसबे असे दोन भाग आणि दोन ग्रामपंचायती. अशा गावांत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पिवळ्या पाटीचे 'एसटीडी-आयएसडी-पीसीओ' बूथ येऊ लागले. ग्रामीण भागासाठी देशातच घडवलेली छोटी स्वयंचलित केंद्रे त्यांच्यामागे होती. काचेची खोली, पंखा असलाच तर बंद, आणि समोर लाल आकड्यांचा मीटर. रात्री अकरानंतर देशांतर्गत कॉलचा दर पाव होई, त्यामुळे रांग तेव्हा लागे. परदेशी नंबर लावणाऱ्याची नजर मात्र कोणत्याही वेळी मीटरवरच खिळलेली असे. नाट्यगृहात 'संध्याछाया' पाहून हळहळणाऱ्या शहरी प्रेक्षकाला परदेशस्थ मुलाच्या आईवडिलांचे एकाकीपण ठाऊक होते. पण भरल्या बूथमध्ये, पाठीमागे चार माणसे उभी असताना मुलाशी बोलणाऱ्या बापाला एकाकीपणाचीही सोय नव्हती, हे दृश्य आपल्या रंगभूमीने जवळजवळ पाहिलेच नाही.

हे महागडेपण निसर्गदत्त नव्हते. आंतरराष्ट्रीय कॉल जेथून निघे तेथील कंपनी, कॉल पोचवणाऱ्या देशाच्या कंपनीला मिनिटामागे ठरलेली रक्कम देई. भारतातून बाहेर जाणाऱ्या कॉलपेक्षा भारतात येणारे कॉल पुष्कळ अधिक. म्हणजे दर चढा राहण्यात परकीय चलनाचा लाभ होता. १९९७ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या देण्यावर कमाल मर्यादा घातल्या आणि कमी उत्पन्नाच्या देशांसाठी ती मिनिटाला २३ सेंट ठरवली. वॉशिंग्टनमधील हा हिशेब पहूरच्या बूथपर्यंत कोणी समजावून सांगितला नसेल. पण अमेरिकेहून इकडे बोलणे स्वस्त आणि इकडून तिकडे महाग, हे ज्ञान मात्र सर्वांना होते, आणि त्यातूनच 'रिंग देण्या'चे शास्त्र जन्मले: दोनदा वाजवून ठेवायचे, मग पलीकडून फोन येतो. परदेशातील काही कंपन्यांनी याच युक्तीचा धंदा केला. आपल्याकडे त्याला परवानगी नव्हती. तिकडे किराणा दुकानांत फोनची कार्डे मिळत. त्यांवर छापलेली मिनिटे आणि प्रत्यक्षात मिळणारी मिनिटे यांचा मेळ क्वचितच बसे. कोणते कार्ड खरे चालते, ही माहिती नव्याने गेलेल्या मुलाला भाड्याच्या खोलीइतकीच अगत्याची असे. अमेरिकेतला शनिवार संध्याकाळचा वेळ म्हणजे इकडची रविवारची सकाळ. अनेक मराठी घरांत हा आठवड्याचा मुहूर्त ठरून गेला होता.

१ एप्रिल २००२ रोजी विदेश संचार निगमाची मक्तेदारी संपली आणि त्याच दिवसापासून इंटरनेटवरून बोलण्यास मुभा मिळाली. तीही अर्धवट, कारण संगणकावरून परदेशातला फोन लावता येई, देशातला नाही. मे २००३ पासून मोबाइलवर येणाऱ्या कॉलचे पैसे पडेनासे झाले. आमच्या विषयाच्या दृष्टीने ही तारीख सर्वांत महत्त्वाची वाटते. आता आईला बूथपर्यंत चालत जावे लागत नव्हते, कोणाचे उपकार घ्यावे लागत नव्हते. आणि बोलताना मागे कोणी उभे नव्हते.

याच ठिकाणी भाषेच्या इतिहासात एक मोठी घटना घडली, आणि ती कोणीच टिपली नाही. पत्राची भाषा प्रमाण होती. ज्या आईला लिहिता येत नसे, तिचे पत्र शाळेतले गुरुजी किंवा शेजारचा पोरगा लिही, आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद' पासून 'बाकी सर्व क्षेम' पर्यंत तो तिची तावडी आपोआप पुणेरी करून टाकी. तिच्या तोंडचे 'डोये' कागदावर 'डोळे' होऊन उतरत. ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांत बोलीला मोकळे व्हायला अवसरच नव्हता. स्वस्त फोनवर मात्र ती प्रथमच आपल्या मूळ उच्चारात, मधल्या लेखनिकाशिवाय, समुद्र ओलांडून गेली. पाऊस किती झाला, केळीला भाव काय मिळाला, कोणाची सून कशी निघाली, हे सारे 'ळ' चा 'य' करीत, फुरसतीने. याच जिल्ह्यातील बहिणाबाईंच्या मौखिक रचना त्यांच्या मुलाने उतरवून घेतल्या म्हणून १९५२ साली त्या ग्रंथरूप झाल्या. येथे उतरवून घेणारा कोणी नव्हता. ज्या क्षणी बोलीला मोकळीक मिळाली, त्याच क्षणी कागदाने तिची साथ सोडली. आम्हाला यातला लाभ मोठा वाटतो. तथापि अभ्यासक म्हणून हानीकडे डोळेझाक करता येत नाही.

पुढचा भाग सर्वांच्या आठवणीतला आहे. २००३ साली आलेले स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. २०१५ पासून व्हॉट्सॲपवर बोलता येऊ लागले. २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला की मिनिटाचा हिशेबच उरला नाही. तरी 'सर्वत्र फुकट' म्हणणे घाईचे ठरेल. संयुक्त अरब अमिरातीत अशा संभाषणावर निर्बंध राहिले, आणि तेथील मजुराला परवानगी असलेले, पैसे भरून वापरायचे ॲप शोधावे लागले. म्हणजे न्यू जर्सीचा अभियंता घरबसल्या काम करता करता आईला स्वयंपाकघरासकट पाहत असताना, दुबईचा कामगार अजून मिनिटे मोजत होता. दोघेही एकाच तालुक्यातले असू शकतात.

बूथमध्ये बोलणे संपल्यावर यंत्रातून एक चिंचोळी पावती निघे. तिच्यावर दिनांक, वेळ, फिरवलेला नंबर, लागलेला अवधी आणि रुपये एवढेच छापलेले असे. काहींनी त्या पावत्या जपून ठेवल्या, देव्हाऱ्याच्या खणात किंवा पासबुकात. उष्णतेने उमटवलेला तो छाप फार टिकत नाही. आज त्या काढून पाहिल्या तर कागद शाबूत असतो, आणि त्यावर काहीच नसते.